हॉलातली चूल

आमच्या घरात निर्णयांना वेळ लागत नाही. नणंदेचं लग्न एका चहात ठरलं. सांगलीचा फ्लॅट मी आणि नवऱ्यानं जिना उतरता उतरता पसंत केला. सासऱ्यांनी ओढ्याकडचा ऊस मोडून हळद लावायचं जेवताना सांगितलं आणि लगेच आमटी मागितली. असं असताना हॉलमधल्या फायरप्लेसला लाकडाऐवजी गॅस लावावा की लावू नये, या एका प्रश्नावर आम्ही सगळे दिवाळीपासून संक्रांत उलटेपर्यंत अडकून बसलो होतो. रेंगाळलेल्या गोष्टींचा मला राग येतो. त्या हिवाळ्यात मी बराच राग गिळला.

खेड्यातल्या घरात फायरप्लेस कुठून आली, असं कुणालाही वाटेल. लग्न होऊन आले तेव्हा मलाही वाटलं होतं. माझं माहेर सांगलीचं. तिथं थंडी म्हणजे सकाळी स्वेटर घालून घराबाहेर पडायचं आणि ऊन वर आलं की तोच स्वेटर कमरेला बांधून परतायचं. सासर साताऱ्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी. इथली थंडी खरी असते, हे मान्य. पण लोक शेकोटी करतात ती अंगणात, नाहीतर चावडीपुढं. सोफ्यासमोर भिंतीत कोनाडा काढून त्यात कुणी जाळ करत नाही.

सासरे फौजेत होते. आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत असतो, त्यात नवल नाही. पण बाकीच्यांच्या वाट्याला रायफल आली, गाडी आली, तोफ आली आणि यांच्या वाट्याला बरीच वर्षं डोंगराळ मुलखातल्या एका ऑफिसर मेसची देखभाल आली. साहेब लोक यायच्या आधी मेसच्या हॉलमधली फायरप्लेस पेटवायची आणि शेवटचा साहेब उठून जाईपर्यंत ती विझू द्यायची नाही, हे त्यांचं काम. साहेब बूट काढायचे, विस्तवाकडं पाय लांब करायचे आणि खुर्चीत मागं रेलायचे. हे त्यांच्या पाठीमागं उभे. बाहेर बर्फ पडतंय, आत जाळ ह्यांनीच केलेला, आणि त्याची धग ह्यांना मिळायची ती लाकूड सारायला वाकतील तेवढ्यापुरती. पेन्शनीत घर बांधीन तेव्हा असली एक करून घेईन आणि तिच्यापुढं पाय पसरून बसेन, हे त्यांनी तिथंच उभ्या उभ्या ठरवून टाकलं होतं. पुढं सुभेदार होऊन निवृत्त झाले, घर बांधलं आणि शब्द पाळला.

गवंड्यानं असलं काही आयुष्यात बांधलं नव्हतं. त्याचा हात गुऱ्हाळाच्या भट्ट्या बांधण्यात बसलेला. सासऱ्यांनी त्याला जमिनीवर काटकीनं चित्र काढून दाखवलं, त्यानं मान डोलावली आणि गुळाची कढई सहज बसेल एवढं तोंड ठेवून भिंतीत भट्टीच उभी केली. धुराडंही गुऱ्हाळाचंच, दोन मजली घराला शोभेल इतकं उंच. ते ओढही चांगली घ्यायचं. फक्त घाटाकडून वारा सुटला की धूर वर जाता जाता विचार बदलायचा आणि हॉलमध्ये परत यायचा. लोक विचारायचे, सुभेदार, गूळ कवा काढायचा? सासरे हसण्यावारी न्यायचे.

खरी गंमत पुढंच झाली. वास्तुशांतीच्या दिवशी नव्या घरातल्या नव्या चुलीवर दूध उतू घालायचं असतं. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात गॅसची शेगडी आली होती. पण गॅसवर दूध उतू गेलं तर बर्नर बिघडेल, असं कुणीतरी म्हणालं, आणि दुसरं कुणीतरी म्हणालं, मग ही हॉलातली हाय की. सासरे मांडववाल्याशी बोलत बाहेर उभे होते. ते आत येईपर्यंत बायकांनी त्या भट्टीला हळदकुंकू वाहिलं, तीन विटा मांडल्या, जाळ केला, वर पातेलं ठेवलं, आणि दूध उतू गेलंसुद्धा. झालं. फायरप्लेसची चूल झाली. आणि चुलीकडं आमच्यात कुणी पाय करत नाही.

सासूबाईंनी त्यानंतर नियमच घालून दिले. चुलीपुढं चप्पल आणायची नाही. चुलीत केर टाकायचा नाही. सणावाराला तिला नैवेद्य. आणि पाय पसरायचे नाहीत, मग माणूस शिपाई असो नाहीतर सुभेदार. सासऱ्यांनी एकदा गादीच्या खुर्चीत बसून अंदाज घेत एक पाय सरकवून पाहिला. सासूबाईंनी नुसतं बघितलं. पाय मागं आला. ज्या सुखासाठी माणसानं घराच्या भिंतीत भट्टी घातली, त्या सुखापुढं तो पुढची सगळी वर्षं मांडी घालून बसला. मला हे नवऱ्यानं लग्नाआधी सांगितलं असतं तर मी लग्नाला अजून लवकर हो म्हटलं असतं.

आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. मीही तसंच म्हणते. नवऱ्याची नोकरी सांगलीच्या एमआयडीसीत, मी तिथंच एका शाळेत शिकवते, आणि शनिवारी आम्ही गाडी काढून गावी येतो. तेव्हा हिवाळ्यातल्या संध्याकाळी मी हे दृश्य कितीदा तरी पाहिलंय. दिवेलागण झाली की मामा चुलीपुढं बसायचे. आधी शेंगांची टरफलं आणि बारीक काटक्या, मग मक्याची दाणे काढलेली बुरकुंडं, मग बाभळीचं एखादं जाड लाकूड. लाकूड नीट लागलं की ते पुन्हा काढून दुसऱ्या कुशीवर ठेवायचं. चिमटा सतत हातात. समोर आत्या, पाटावर, गुडघे पोटाशी घेऊन. आणि मामा बोलायचे.

हे सांगायला हवं, कारण एरवी मामा बोलत नाहीत. घरात येतात, पाणी पितात, कामाचं एक वाक्य बोलतात आणि जातात. पण हातात चिमटा आला आणि नजर जाळावर लागली की त्यांच्या तोंडून गोष्टी सुटायच्या. मेसच्या खेचरानं कर्नलसाहेबांची टोपी कशी खाल्ली, बर्फात बुडालेल्या वाटेवर दोरी धरून पाणी कसं आणायचं, पंजाबी स्वयंपाक्याला त्यांनी पिठलं कसं शिकवलं. मामा डोंगर सांगायचे आणि आत्या घर सांगायच्या. कारण अर्धा संसार सुट्टीतच झाला होता. मुलांना गोवर आला तेव्हा मामा नव्हते, गोठ्याला आग लागली तेव्हा नव्हते, नणंद पहिल्यांदा चालली तेव्हाही नव्हते. ते सगळं आत्यांनी त्यांना त्या चुलीपुढं बसवून थोडं थोडं करून सांगितलं. मी स्वयंपाकघरातून ऐकायची आणि भाकरी करपवायची.

गेल्या वर्षी आत्यांना खोकला लागला. साधा म्हणून काढे झाले, वाफ झाली, गावच्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. दिवाळीत त्या जिना चढताना मधेच कठड्याला धरून थांबल्या, तेव्हा मी कुणाला न विचारता त्यांना गाडीत घातलं आणि मिरजेला नेलं. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. छातीच्या डॉक्टरांनी फोटो काढला, नळीत फुंकर मारायला लावली आणि विचारलं, चुलीवर स्वयंपाक करता का? आत्या म्हणाल्या, नाही, गॅस आहे. बंबाला लाकडं? नाही, सोलर आहे. घरात कुणी विडी ओढतं? नाही. मग धूर येतो कुठून? आत्यांनी माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं, हॉलमधून. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांना सगळं समजावून द्यायला मला बराच वेळ लागला, आणि बाहेरचे पेशंट आत डोकावून गेले. शेवटी ते एवढंच म्हणाले की धूर बंद, आजपासून. औषध नंतर.

मामांनी हे ऐकून घेतलं. उठले, चुलीत जळत असलेलं लाकूड चिमट्यानं उचललं, अंगणात नेऊन मातीत खुपसलं. मग राख भरली, फरशी पुसली आणि चुलीच्या तोंडाला पत्रा लावला. हुकूम आला, अंमल झाला. मला त्यांचा फार अभिमान वाटला. चला, एक काम मार्गी लागलं, असं म्हणून मी सांगलीला परत आले.

पुढच्या शनिवारी आलो तेव्हा मामा घरात नव्हते. गावच्या एसटी थांब्याच्या निवाऱ्यात पेन्शनर फौजींची बैठक असते. संध्याकाळी तिथं उसाच्या पाचटाची शेकोटी होते आणि सगळी जुनी पलटण जमते. मामा पूर्वी तिकडं फिरकत नव्हते. आता रोज जायला लागले होते. दिवे लागले की एक जोडीदार फाटकाशी उभा राहून हाक मारायचा, "सुभेदार, येताय न्हवं?" आणि मामा मफलर गुंडाळून बाहेर पडायचे. परत यायचे ते कपड्यांना धुराचा वास घेऊन, जेवायचे आणि झोपायचे.

आत्यांचा खोकला खरंच कमी झाला होता. मी ते दोनतीनदा बोलूनही दाखवलं. त्या हो म्हणायच्या. भाजी निवडायच्या, टीव्ही लावायच्या, बंद करायच्या. एकदा मी भांडी पुसत होते आणि त्या ओट्याशी उभ्या होत्या. मी म्हटलं, आत्या, आता कसं बरं वाटतंय?

"खोकला गेला," त्या म्हणाल्या. "पर त्याच्यासंगं ह्यांचं बोलणंबी गेलं. आता कुठं मला कळाया लागलं हुतं गं, हा मानूस कसा हाय."

इतकी वर्षं मला वाटत होतं की ती चूल मामांची हौस आहे आणि आत्या ती सोसतात. चूल आत्यांची होती. रोजचा तो एक तास त्यांना पुन्हा मिळाला नाही, तर खोकला बरा होऊन त्यांना काय मिळणार होतं, हे मला त्या क्षणी दिसलं आणि फार वाईट वाटलं.

मग मी कामाला लागले. चूल हवी आणि धूर नको, असा शोध सुरू केला आणि मोबाईलवर ती सापडली. गॅसवर चालणारी फायरप्लेस. आत भाजलेल्या मातीची लाकडं असतात, हुबेहूब खऱ्यासारखी, साली-गाठींसकट. त्यांच्यामधून गॅसचा जाळ येतो. सिलिंडर घराबाहेर, नळी भिंतीतून, आणि आपलं धुराडं आहे तसं वापरायचं. मिरजेच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांना आमचं घर चांगलंच लक्षात होतं. ते म्हणाले, धूर नसेल तर चालेल, पण खिडकी किलकिली ठेवायची.

मी विजयी मुद्रेनं तो व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. नवरा म्हणाला, आई म्हणेल तसं. हे वाक्य त्याला जन्मतःच येत असावं. आत्या म्हणाल्या, ह्यांना इचारा. मामांनी मोबाईल हातात घेऊन लांब धरला, शेवटपर्यंत पाहिलं आणि विचारलं, ह्याला पेटवायचं कसं? मी म्हटलं, बटण दाबायचं. लाकूड कधी सारायचं? सारायचं नाही, ते जळतच नाही. राख? नाही. मग मानसानं करायचं काय? मी म्हटलं, मामा, काही करायचं नाही, नुसतं बसायचं. त्यांनी मोबाईल परत दिला. नुसतं बसायला आमच्याकडं टीव्ही आहे, असं ते म्हणाले आणि मफलर शोधायला लागले.

यावर आम्ही अडकलो. मामांचा विरोधही नव्हता, होकारही नव्हता. आत्यांनी मला घातलेली शपथ अशी की त्या ओट्याशी बोलल्या ते मामांना सांगायचं नाही. त्यामुळं मला खरं कारण उच्चारता येईना. मी उबेचं सांगितलं, हाडांचं सांगितलं, डोंगराच्या वाऱ्याचं सांगितलं. मामा म्हणायचे, बघू. शनिवारमागून शनिवार गेले. तिळगूळ वाटून झाला. शेवटी मी म्हटलं, मोबाईलवर बघून काय कळतंय, प्रत्यक्ष बघू. महाबळेश्वरच्या वाटेवर एका हॉटेलात तसली फायरप्लेस आहे असं शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं होतं. आम्ही चौघं रविवारी दुपारनंतर गाडीत बसलो. आत्यांनी एक जड कापडी पिशवी मांडीवर घेतली होती. मी विचारलं तर म्हणाल्या, आसू दे.

हॉटेलच्या बैठकीच्या खोलीत शिरताना आत्यांनी दारात चपला काढल्या. वेटरनं नको म्हटलं तरी काढल्या. फायरप्लेस समोरच होती, दगडी कोनाड्यात, पुढं गुडघ्याएवढी पितळी जाळी. वेटरनं बटण दाबलं आणि जाळ एकदम उठला. मामा किंचित दचकले. आयुष्यभर काटकी काटकीनं जाळ मोठा करणाऱ्या माणसाला तो असा आयता उभा राहिलेला पाहवला नसणार. आत्यांनी हात जोडले, मग वाकून नीट बघितलं आणि लाकडं खरी दिसतात म्हणाल्या. आम्ही खुर्च्यांवर बसलो. मामांनी खुर्चीत मांडी घालायला घेतली.

"आवं, हितं आपुन दूध उतू घातलंय का?" आत्या म्हणाल्या. "पसरा की पाय."

मामांनी त्यांच्याकडं बघितलं, खात्री करून घेतली. मग बूट काढले, बाजूला जोडीनं ठेवले आणि पाय विस्तवाकडं लांब केले. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. ते खुर्चीत मागं रेलले. नवऱ्यानं फोटो काढला. मला इतका आनंद झाला की मी चार कॉफ्यांबरोबर चार प्लेट भजी सांगितली.

आणि मग काहीच झालं नाही. मामा साहेबासारखे बसले होते आणि साहेबासारखेच गप्प होते. जाळ एका लयीत, एका उंचीचा. त्यात सारण्यासारखं, फुंकण्यासारखं, उलटण्यासारखं काही नव्हतं. मामांचे हात मांडीवर पडून होते. कॉफी आली, भजी संपली. मी दोनदा खेचराचा विषय काढला. ते हं म्हणाले. आत्या जाळाकडं बघत नव्हत्या, मामांच्या हातांकडं बघत होत्या. मला कळून चुकलं की माझी हुशारी इथं संपली. घरी हे बसवलं तर दोघं ऊब घेत गप्प बसतील, आणि तिसऱ्या दिवशी मामा मफलर घेऊन निवाऱ्याकडं जातील.

तेवढ्यात आत्यांनी ती पिशवी उचलली, तिच्यातून भुईमुगाच्या शेंगांचं बोचकं काढलं आणि सोडून सरळ मामांच्या मांडीवर ठेवलं. म्हणाल्या, कूट संपलंय घरातलं, एवढ्या सोलून द्या. मी इकडं तिकडं बघितलं. शेजारच्या टेबलावर पुण्याकडचं वाटणारं एक जोडपं होतं, ते पापणी न हलवता बघत होतं. मामांनी एक शेंग उचलली, अंगठ्यानं दाबली, फोडली. दाणे चटणीच्या रिकाम्या वाटीत, टरफल मुठीत. दुसरी फोडली. तिसरी, चौथी. आणि नजर जाळावर ठेवून ते म्हणाले की मेसमध्ये एकदा गावाकडनं शेंगांचं पोतं आलं होतं, तेव्हा काय झालं ठाऊक हाय का?

आत्या खुर्चीवरून उतरून खाली गालिच्यावर बसल्या. गुडघे पोटाशी घेतले. मामांची गोष्ट सुरू झाली. साहेबाला शेंग फोडायची कशी हे माहीत नव्हतं, तो टरफलासकट चावायला गेला, आणि अर्धी पलटण तोंड फिरवून हसत होती. आत्या हसल्या. मी इतक्या दिवसांनी त्यांना तसं हसताना ऐकलं. मामा रंगात आले, शेंगांचा वेग वाढला, मूठ भरली. मूठ भरली की घरी ती जिथं जायची तिथंच गेली. त्यांनी टरफलं पितळी जाळीवरून थेट विस्तवात टाकली.

भडका उठला. मग धूर आला, मग करपल्याचा वास सगळ्या खोलीत पसरला. मॅनेजर काउंटरमागून धावत आला. वेटरनं गॅस बंद केला. मामा मोज्यांवर ताठ उभे राहिले, हात शरीराला चिकटवून, आणि त्या पोरसवदा मॅनेजरला म्हणाले, "सॉरी सर, गलती हो गई." मॅनेजर बिचारा वरमला. असू द्या काका, म्हणायला लागला. मामांनी काही ऐकलं नाही. लाकडं निवेपर्यंत थांबले, वेटरकडून चिमटा मागून घेतला, जाळीपाशी उकिडवे बसले आणि टरफलाचा तुकडा न् तुकडा वेचून काढला. त्या दिवसातला त्यांचा सगळ्यात सुखाचा वेळ तोच असावा. आम्ही घरी बसवायची म्हणून बघायला आलोय हे मी सांगितलं, तेव्हा मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाला, ताई, तुमच्या घरी बसवाल तेव्हा पुढं काच लावून घ्या.

पुन्हा चहा आला. मामा आता खुर्चीत बसायला संकोचत होते, नुसते कडेला टेकले.

"घ्या बसवून," ते म्हणाले. "धूर न्हाई, चांगली हाय. हिला ऊब मिळंल. माझं काय, मी जातो निवाऱ्यात."

मी तोंड उघडलं आणि शपथ आठवून मिटलं. नवरा चहात बघत होता. आत्या अजून गालिच्यावरच होत्या. त्यांनी मांडीवरचे दाणे झटकून वाटीत टाकले.

"ऊब गोधडीतबी हाय," त्या मामांना म्हणाल्या. "मला त्या जाळापुढं तुमी पायजे. बोलाया. तुमी नसाल तर ते बसवूच नका."

दुसऱ्यांसमोर, तेही सुनेसमोर, नवऱ्याला असं काही म्हणायची आमच्या घरातली पद्धत नाही. आत्यांचा चेहरा लाल झाला होता, पण त्यांनी नजर खाली केली नाही. मामांनी हळूच एक शेंग उचलली, फोडली आणि दाणे त्यांच्या हातावर ठेवले. आम्ही घाट उतरायला लागलो. मामा पुढच्या सीटवर खिडकीबाहेर बघत होते आणि ते रागावलेत, की लाजलेत, की आणखी काही, हे मला पाठीमागून ओळखता येत नव्हतं. मी सांगलीला पोचेपर्यंत देवाला बरंच काही कबूल केलं.

बुधवारी मामांचा फोन आला. ते स्वतःहून फोन करत नाहीत. म्हणाले, त्या गॅसवाल्याला बोलव, काच लावून.

बसवणारे पुण्याहून आले. भट्टीचं तोंड बघून हसले, मग विटा लावून लहान केलं. सिलिंडरला बाहेर जाळीचं कपाट झालं, खिडकी किलकिली ठेवायची खूण झाली. आम्ही मुद्दाम त्या शनिवारी लवकर पोचलो. आत्यांनी काचेला हळदकुंकू लावलं, पण दूध काही आत ठेवता येईना, तेव्हा ही चूल नव्हे असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं. दिवे लागले. मामांनी बटण दाबलं, पुढ्यात शेंगांनी भरलेलं सूप घेतलं, आणि पाय काचेकडं केले. थोड्या वेळानं त्यांचे त्यांनीच मागं घेतले आणि मांडी घातली. सवयीनं की मनानं, मी विचारलं नाही.

आत्या बोलत होत्या. ज्या पावसाळ्यात ओढ्याला पूर आला आणि त्या दोन पोरांना घेऊन शाळेच्या माळ्यावर राहिल्या, ती हकीकत. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. मामा मधे मधे विचारत होते, मग खायला काय दिलंस, मग कुणी आणून दिलं, भ्यालीस का? त्या वर्षी ते कुठल्याशा बर्फात दुसऱ्यांचा जाळ राखत उभे होते.

फाटकाशी नेहमीची हाक आली. "सुभेदार, येताय न्हवं?"

माझा हात थांबला. आमच्या गावात बायकोशी बोलत बसलोय म्हणून कुणी बैठक चुकवत नाही, आणि चुकवली तरी तसं सांगत नाही. पाय दुखतोय म्हणतात, पाहुणे आलेत म्हणतात. मामांचा पाय खरंच दुखत असतो, त्यांना ते सहज म्हणता आलं असतं.

"आज येत न्हाई गड्या," मामा बसल्या जागेवरून, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "आमी दोघं बोलत बसलोय."

बाहेरून तो जोडीदार बसा बसा म्हणाला आणि त्याच्या चपलांचा आवाज लांब गेला. आत्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला होता. लोक काय म्हणतील, असं त्या पदराआडून पुटपुटल्या. मामांनी एक शेंग फोडली आणि विचारलं, मग पाणी उतरलं कवा? माझी तव्यावरची भाकरी पार करपली होती, आणि मी पिठाच्या हातांनीच डोळे पुसत होते.